बसच्या सावलीत

जावई जाऊन तीन आठवडे झाले होते. एका दुपारी चारच्या सुमारास युनियनचा सेक्रेटरी मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. एरवी हा गृहस्थ जिना चढायला लागला की अर्ध्या इमारतीला त्याची वर्दी मिळायची. आज त्यानं पायपुसण्यावर बूट दोनदा पुसले, खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पाण्याचा पेला रिकामा होईपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नाही.

"मास्तर," शेवटी तो म्हणाला, "शुक्रवारी सभा आहे."

"कसली?"

"बंदीची. आतली सिगारेटबंदी उठवावी, निदान सैल तरी करावी, असा ठराव आणतोय. पहिली सही तुमची हवी."

मास्तर काही शिकवणारे मास्तर नव्हते. बस डेपोत एकतीस वर्षं ते कंट्रोलर होते. खिडकीशी बसून कुठली गाडी किती वाजता सुटली याची नोंद करायची, आणि उशीर करणाऱ्याकडे नुसतं बघायचं; तो ड्रायव्हर पुढचे चार थांबे मान खाली घालून गाडी हाकायचा. म्हणून सगळे त्यांना घड्याळमास्तर म्हणत. निवृत्त होऊन दीड वर्ष लोटलं, तरी डेपोत त्यांच्या शब्दाला वजन होतं. आणि बंदी तर त्यांचीच होती. दुसऱ्या कुणाची सही पहिली असली काय आणि दहावी असली काय, सारखंच. मास्तरांची सही असली की ठराव पास झालाच म्हणून समजा. सेक्रेटरी काही दुधखुळा नव्हता.

डेपोच्या कचेरीमागं एक लांबट खोली होती. आठ बाकं, दोन टेबलं, कोपऱ्यात चहाचं काउंटर. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टर तिथं येऊन पाठ टेकायचे. ते काउंटर अठरा वर्षं मास्तरांच्या बायकोकडे होतं. ती साऱ्या डेपोची काकू. कुणाला साखर कमी, कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं घरी बिनसलंय, हे तिला विचारावं लागत नसे. पेला पुढे सरकवता सरकवता ती ते तोंडावरून ओळखायची. त्या काळी खोलीत असा धूर कोंदलेला असायचा की भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला नाक भिंतीला लावावं लागे. काकू घरी आली तरी केसांना, कपड्यांना तोच वास.

"मला बाई ना ओढायचा खर्च ना सोडायचा त्रास," ती हसून म्हणायची. "सगळं फुकटात आत जातंय."

मग खोकला सुरू झाला. आधी सर्दीचा म्हणून घालवला, मग हवेचा म्हणून, मग वयाचा म्हणून. मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "दिवसाला किती ओढता?" काकूला वाटलं, थट्टा करताहेत. "डॉक्टर, उभ्या जन्मात काडी ओढली ती फक्त शेगडी पेटवायला," ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. चौदा महिने चाललं ते दुखणं. शेवटी शेवटी तर चहावर फुंकर घालायलाही तिला श्वास पुरेना. मास्तर स्वतः फुंकर घालून चहा निववायचे आणि चमच्यानं तिच्या तोंडात घालायचे.

ती गेली, आणि पंचवीस वर्षं कधी आवाज न चढवलेला हा माणूस डेपोभर हात धुऊन बंदीच्या मागे लागला. मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत एकेकाला गाठलं, बोलला, भांडला, आणि नियम करून घेतला: छताखाली कुठंही सिगारेट नाही. विश्रांतीच्या खोलीत नाही, कचेरीत नाही, वर्कशॉपमध्ये नाही, उभ्या बसमध्ये नाही. ज्याला ओढायची आहे त्यानं बाहेर अंगणात जावं. कुरकुर झाली, पण काकूच्या नावापुढे कुणाची जीभ रेटली नाही. सहा वर्षं तो नियम टिकला.

आणि आता त्याच अंगणात त्यांचा जावई मेला होता.

जावई त्याच डेपोतला ड्रायव्हर. लग्नाआधी मास्तर त्याला "अरे" म्हणत. लग्नानंतर "अहो" म्हणणं आलं. घरी ते जमायचं, पण डेपोत पाऊल टाकलं की जीभ पुन्हा "अरे"वर घसरायची, आणि जावई हळूच म्हणायचा, "मास्तर, मी आता घरचा झालो, पण तुम्हाला बाहेरचाच बरा वाटतो." सासऱ्याला तो मास्तरच म्हणत राहिला. माणूस हसरा, हाताचा मोकळा, लेकीवर जीव टाकणारा. एकच खोड, सिगारेट. बायकोच्या धाकानं दिवसाला चारवर आणली होती. तीन वर्षांची नात खिशाला हात लावून मोजायची, आणि तोही तिला प्रामाणिकपणे हिशेब द्यायचा.

त्या दिवशी रखरखीत ऊन होतं. दोन वाजून दहा मिनिटं झालेली. अंगणात उभं राहायला सावली कुठली? उभ्या बसच्या मागची आणि कुंपणाच्या भिंतीच्या मधली, तेवढीच. बंदी आल्यापासून ओढणारे सगळे तिथंच उभे राहायचे. त्या जागेतली गाडी नेहमी सरळ पुढे निघायची, म्हणून मागे उभं राहण्याची कुणाला भीती वाटली नव्हती. पण त्या दिवशी पुढे एक गाडी बिघडून आडवी उभी होती. ज्याची पाळी होती तो ड्रायव्हर, सगळे ज्याला लांब्या म्हणतात तो, जावयाचा जिवलग दोस्त. त्यानं गाडी सुरू केली, दोन्ही आरसे पाहिले आणि मागे घेतली. अंगणात दहा इंजिनं घरघरत असताना अकराव्याचा आवाज वेगळा कुणाला ऐकू येणार?

चौकशी झाली. कागदावर आलं: अपघात, कुणाचाही दोष नाही.

"दोष नाही कसा?" सेक्रेटरी आता हळूहळू मूळ आवाजावर येत होता. "दोष त्या बंदीचा आहे. माणसं उन्हातान्हात गाड्यांच्या बुडाशी जाऊन उभी राहतात, कारण आत येऊ देत नाही आपण. मी तुमच्या भावना जाणतो मास्तर. काकूंच्या हातचा चहा मीही प्यायलोय. पण आता खोलीच्या अर्ध्या भागाला काच लावू, वर धूर खेचणारा पंखा बसवू. जावई तुमचा गेला. तुम्हीच म्हणालात की बंदी सैल करा, तर पुढे कुणाची ब्र काढायची छाती नाही."

"विचार करतो," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरी कागद टेबलावर ठेवून गेला. तो जिन्यात असेल नसेल, तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. लेक उभी होती. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन वडिलांकडेच राहत होती. चष्म्याच्या दुकानातली नोकरी होती तिची. तिथं अजून जायला लागली नव्हती.

"करा सही," ती म्हणाली.

"अगं, बस तरी."

"नाही बसत. आईला धुरानं नेलं, मान्य. मी काय विसरले का? पण ती गेली आणि तुम्ही त्या माणसांना बाहेर काढलंत. कुठं जातात, कुठं उभे राहतात, एकदा तरी बघितलंत? खिडकीतून सगळं अंगण दिसायचं तुम्हाला." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं, असं मास्तरांना वाटलं. "आत बसून ओढली असती, तर अजून तीस वर्षांनी खोकून मेला असता. तीस वर्षं, बाबा."

मास्तर कागदाकडे बघत राहिले. तिला सांगण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं, आणि गेले तीन आठवडे ते घशाशी येऊन परत जात होतं. आजही परत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डेपोत गेले. सेक्रेटरीकडे नाही, रेकॉर्डच्या खोलीत. तिथली कारकूनबाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मास्तरांना बघून तिला भरून आलं. सहा वर्षांपूर्वीची बंदीची फाइल हवी म्हटल्यावर तिनं कारण विचारलं नाही. धूळ झटकून फाइल टेबलावर ठेवली आणि चहा सांगायला बाहेर गेली.

कागद त्यांना शोधावा लागला नाही. कितव्या पानामागे आहे तेही त्यांना ठाऊक होतं. एक अर्ज, खाली बेचाळीस सह्या. 'बंदी आम्हांला मान्य आहे. परंतु बाहेर ऊन-पावसात उभे राहण्यास जागा नाही. कुंपणाच्या उत्तरेकडील कोपऱ्यात, गाड्यांच्या वाटेपासून दूर, चार पत्र्यांचे छप्पर घालण्यास परवानगी मिळावी. काम आम्ही स्वतः करू.' पहिली सही जावयाची. तेव्हा तो जावई नव्हता. कामावर लागून दोनच वर्षं झालेला सव्वीस वर्षांचा पोरगा होता. आणि अर्जाच्या खाली, तांबड्या शाईत, मास्तरांचं वळणदार अक्षर: 'ओढणाऱ्यांना सोयी केल्यास बंदीला अर्थ उरणार नाही. छपराची आवश्यकता नाही.'

वर मॅनेजरनं फक्त 'सहमत' एवढंच लिहिलं होतं.

तेव्हा बायकोला जाऊन तीन महिने झाले होते. मास्तरांना तो दिवस लख्ख आठवत होता. कागद फाडून टाकावा, असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. कारकूनबाई बाहेर होती. फाइलमधून एक पान कमी झालं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. जुना मॅनेजर कधीच बदलून गेला होता; उरलेले जाणणारे दोघेच, ते स्वतः आणि जावई, आणि जावई गेला होता. मास्तरांनी कागद सोडवला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. फाडण्यासाठी की जपण्यासाठी, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. चहा न घेताच ते बाहेर पडले.

वर्कशॉपवरून जाताना त्यांना लांब्या दिसला. खाली बसून तो एका डब्यात गाडीचे सुटे भाग रॉकेलनं धूत होता. त्या दिवसापासून त्यानं स्टीअरिंगला हात लावला नव्हता. साडेसहा फुटी माणूस, पण गुडघ्यांत डोकं घालून बसलेला पाहून ओळखू येईना. मास्तर थांबले.

"कसा आहेस?"

"आहे," लांब्या म्हणाला. मग, वर न बघता, "वहिनी कशा आहेत?"

"आहे," मास्तर म्हणाले.

मास्तर निघाले.

शुक्रवारी तीन वाजता विश्रांतीची खोली गच्च भरली. बाकं पुरेनात, म्हणून माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. मॅनेजरबाई टेबलाशी बसल्या होत्या. या नव्या, सहा वर्षांपूर्वीच्या नव्हेत. त्या सुरुवातीलाच म्हणाल्या, "हा आपल्या डेपोचाच नियम आहे. सभा जे ठरवेल ते मी वर कळवीन. माझं स्वतःचं मत देणार नाही." त्यावर मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे सापही मरू दे, काठीही न तुटो." थोडा हशा पिकला आणि लगेच विरला, कारण दारातून मास्तरांची लेक आत आली होती. तिच्यासाठी पुढच्या बाकावर जागा झाली. मास्तर तिच्या शेजारी बसले. मधे एका माणसाची जागा राहिली, आणि तिथं कुणी बसलं नाही.

सेक्रेटरीनं ठराव मांडला. काच, पंखा, दुपारचे दोन तास. बोलला छानच. मग एक जुना कंडक्टर उठला. निवृत्तीला चार महिने उरले होते, म्हणून त्याला पोरं 'पेन्शन' म्हणत. "मी पस्तीस वर्षं ओढतोय," तो म्हणाला. "वाईट आहे, मला ठाऊक आहे. माझी बायको सांगते, डॉक्टर सांगतो, पाकिटावरचं चित्र सांगतं. पण म्हणून मला कुत्र्यासारखं दाराबाहेर उभं करायचं? आठ तास मी लोकांच्या शिव्या खातो. दहा मिनिटं बसून ओढू द्या, एवढंच मागणं आहे." त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पुष्कळ माना हलल्या.

मग काउंटरमागून आताची चहावाली बोलली. बोलायची सवय नसलेली बाई. हातातलं फडकं तिनं पिळून काढलं होतं.

"मी काकूंच्या जागी उभी आहे," ती म्हणाली. "काकूंच्या जागी म्हणजे कुठं, ते जरा समजून घ्या."

"बाई, मधे काच येणार आहे ना," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाला.

"येईल की. पण काचेच्या आत चहा कोण नेऊन देणार? रिकामे पेले कोण उचलणार? थोटकं कोण झाडणार? मीच ना? तुम्ही दहा मिनिटं बसून जाल. मी दिवसभर आहे."

खोलीत चुळबुळ झाली. एक कंडक्टर मुलगी म्हणाली, तिला दमा आहे, जुन्या दिवसांत ती इथं नोकरीला टिकलीच नसती. कुणी म्हणालं, ज्याला त्रास होतो त्यानं दुसरीकडे बसावं. कुणी म्हणालं, दुसरीकडे म्हणजे काय बसच्या मागे? आवाज चढले. तेवढ्यात सेक्रेटरीनं हात वर केला आणि लेकीकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला दोन शब्द बोलायचेत का?"

ती उठली. बाकाची पाठ तिनं घट्ट धरली होती.

"मला नियम-बियम कळत नाहीत. त्या दिवशी तो घरून निघताना म्हणाला, संध्याकाळी मुलीचे बूट आणायला जाऊ, तयार राहा. आम्ही दोघी तयार होऊन बसलो होतो." ती थांबली. "त्याला आत बसायला जागा असती तर तो आज असता. एवढंच मला कळतं."

ती बसली. सेक्रेटरीला आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. मतं घ्यायला तो वळला, तेव्हा दाराकडून आवाज आला.

"थांबा जरा."

लांब्या होता. चौकटीत वाकून उभा. सभेला तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"मला चौकशीत सोडलं," तो म्हणाला. "मी आरसे पाहिले होते, तेही खरं. पण मागं मधोमध उभं असलेलं माणूस कुठल्याच आरशात दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. इथं प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. उतरून बघायला दहा पावलं लागतात. मी उतरलो नाही. दोन मिनिटं उशीर झाला होता." तो लेकीकडे वळला. "वहिनी, बंदीला बोल लावू नका. लावायचाच तर मला लावा. मी रोज वाट बघतोय, कुणीतरी लावेल म्हणून."

लेकीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ओंजळीत तोंड धरून बसली होती. दोन माणसांनी लांब्याला धरून बाहेर नेलं.

मास्तर उठले ते तेव्हा. एक हात टेबलावर टेकला आणि दुसऱ्या हातानं खिशातला कागद काढून उलगडला. चष्मा लावला. अर्ज त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचला, जसे ते पूर्वी रोजचं वेळापत्रक वाचून दाखवत तसा, सावकाश, स्पष्ट. पहिल्या सहीचं नाव वाचलं तेव्हा खोलीतून एक हुंकार उमटला. मग त्यांनी तांबड्या शाईतल्या दोन ओळी वाचल्या.

"हे अक्षर माझं," ते म्हणाले. "ज्यांनी सह्या केल्या होत्या, ते आज इथं बरेच आहेत. तुम्हाला कळवलं होतं की वरून परवानगी आली नाही. वरचा माणूस मीच होतो. बायको गेली होती, आणि मला वाटत होतं, या लोकांना थोडं ऊन लागू दे, थोडं भिजू दे. मला तुमची सवय सोडवायची होती असं मी म्हणायचो. ते खोटं. मला तुम्हाला शिक्षा करायची होती."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बंदी उठवू नका. माझी बायको त्या काउंटरमागे होती, आता या बाई आहेत, उद्या आणखी कुणाची लेक असेल. आत ओढू द्याल, तर तिलाही माझ्या बायकोच्या वाटेनं धाडायची तयारी ठेवा. पण बाहेर त्या माणसांना उभं राहायला छप्पर हवं होतं. त्यांनी रीतसर मागितलं होतं. मी दिलं नाही." त्यांनी कागदाची घडी घातली. "माझ्या जावयाचा जीव बंदीनं घेतला नाही. या दोन ओळींनी घेतला."

लेक उठली. वडिलांकडे न बघता ती बाकांमधून वाट काढत बाहेर गेली.

हात वर झाले. बंदी सैल करावी असे एकोणतीस, करू नये असे चौतीस. पेन्शननं आपला हात आधी वर केला आणि मग खाली घेतला. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. छपराचा ठराव लगोलग मांडला गेला आणि एकमतानं पास झाला. मॅनेजरबाईंनी तो लिहून घेतला.

मास्तर घरी पोचले तेव्हा लेक पिशवी भरत होती. नात जमिनीवर बसून स्वतःचे मोजे पिशवीत टाकत होती आणि पुन्हा काढत होती.

"मी सासूबाईंकडे जाते," लेक म्हणाली.

"बरं."

तिनं दोन फ्रॉक घडी करून ठेवले. मग एकदम वळली. "हे मला घरी सांगता आलं नाही तुम्हाला? साठ माणसांसमोर कळायला हवं होतं?"

"धीर झाला नाही."

"आणि तिथं झाला?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. "तिथं तू मधेच रडायला लागली असतीस तर मला थांबता आलं नसतं, माणसं होती. घरी मी थांबलो असतो. आणि पुन्हा कधी बोललो नसतो."

तिनं पिशवीची चेन लावली. "त्यानंही मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "पाच वर्षं संसार केला. एका शब्दानं नाही." त्यातलं जास्त काय लागलं होतं, वडिलांनी लिहिलं ते की नवऱ्यानं लपवलं ते, हे बहुधा तिलाही उमगत नव्हतं. तिनं मुलीला कडेवर घेतलं. मास्तर पिशवी घेऊन खाली येऊ लागले, तर तिनं पिशवी त्यांच्या हातातून काढून घेतली.

छप्पर अकरा दिवसांत उभं राहिलं. उत्तरेचा कोपरा, चार खांब, पत्रे, एक बाक, वाळू भरलेला डबा. सहा वर्षं न झालेलं काम अकरा दिवसांत. सेक्रेटरीनं सुचवलं की तिथं जावयाच्या नावाची पाटी लावावी, आणि तो विचारायला लेकीकडे गेला. ती म्हणाली, "सिगारेट ओढायच्या जागेला माझ्या नवऱ्याचं नाव नको." पाटी लागली नाही. लांब्यानं मॅनेजरबाईंना अर्ज केला की ड्रायव्हरचं काम नको, अंगणात गाडी मागे घेताना मागं उभं राहून शिट्टी देणारा माणूस हवा आहे, ते काम मला द्या. पगार कमी होता. त्यानं घेतला. मास्तर एकदा जाऊन छप्पर बघून आले. दोघं-तिघं ओढत बसले होते. मास्तरांना बघून त्यांनी घाईनं सिगारेटी विझवल्या आणि उठून उभे राहिले. "बसा, बसा," मास्तर म्हणाले, पण कुणी बसलं नाही. त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत.

रविवारी ते नातीला भेटायला जात. दार लेक उघडायची आणि आत निघून जायची. विहीणबाई चहा ठेवायच्या. त्या कमी बोलणाऱ्या बाई. मुलगा गेल्यावर आणखी कमी झालेल्या. सभेत काय झालं ते त्यांच्या कानावर गेलंच असणार, पण त्यांनी विषय काढला नाही. फक्त पहिल्या रविवारी चहा त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवला, आणि पुढे दर वेळी तसाच ठेवत गेल्या. नात मात्र मांडीवर चढून बसायची, खिसे तपासायची आणि विचारायची, "आजोबा, बाबा अजून कामावर आहे?" मास्तर म्हणायचे, "तुझा दात दाखव बघू, नवा आलाय का?" असे कितीतरी रविवार गेले. ऊन गेलं, थंडी आली. लेक पुन्हा दुकानात जायला लागली.

एका रविवारी विहीणबाई नातीला घेऊन शेजारी गेल्या होत्या. लेकीनं दार उघडलं, आणि ती आत गेली नाही. टेबलाशी खुर्ची ओढून समोर बसली. ती किती वाळली आहे हे मास्तरांना इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं.

"तो अर्ज घेऊन आला," ती म्हणाली, "तेव्हा कसा उभा होता?"

मास्तरांना कळायला क्षणभर लागला. "का गं?"

"सांगा. जसंच्या तसं. काही गाळू नका."

मास्तरांनी सांगितलं. सकाळची वेळ होती. तो दारावर टकटक करून आला, टोपी काखेत धरलेली. शर्टाचं वरचं बटण नव्हतं, तिथं टाचणी लावली होती. कागद दोन्ही हातांनी पुढे केला. म्हणाला, मास्तर, चार पत्रे टाकू द्या, आम्हीच टाकतो, तुम्हाला काही त्रास नाही. मास्तरांनी कागद वाचलाही नाही. म्हणाले, उन्हात उभे राहा, पाय भाजले की आपोआप सुटेल.

लेकीनं तोंड खिडकीकडे वळवलं. पण उठली नाही.

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, काकूंचं फार वाईट झालं, मास्तर. माझ्या आजारपणात त्यांनी मला दोन दिवस सूप करून आणलं होतं. आणि गेला."

"दार आपटलं?"

"नाही. हळूच लावलं."

"तो हळूच लावायचा," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. नवऱ्याच्या तिला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी तिनं एव्हाना हजारदा उगाळल्या होत्या. ही एकच तिनं कधी ऐकली नव्हती. अशी न ऐकलेली आता दुसरी कुठून मिळायची?

"टाचणी कुठल्या रंगाची होती?" तिनं विचारलं.

"पांढरी असावी. नाही, थांब. आठवून सांगतो." मास्तरांनी डोळे मिटले. "साधीच होती, पत्र्याची. जरा वाकलेली."

लेकीनं मान हलवली. खाली जिन्यात नातीचा आवाज आला, पण अजून ती दोन मजले खाली होती.

"पुन्हा सांगा," लेक म्हणाली. "टकटक केलं तिथपासून."

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.